बूंदी थांबवलेली ग्रामसभा

तुमच्या गावाच्या किंवा वॉर्डाच्या नावानं गेल्या वर्षभरात काय काय ‘सर्वानुमते’ ठरलं, हे तुम्हाला माहीत आहे का? त्या सर्वांमध्ये तुम्हीही मोजले गेला आहात, म्हणून विचारते. उत्तराची घाई नाही. मला माझ्या मावशीच्या गावापुरतं उत्तर मिळवायला अख्खा उन्हाळा आणि वर अर्धा पावसाळा लागला.

बाबा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात बाबू. दिवसा ते फाइलींना दोऱ्या बांधायचे आणि संध्याकाळी कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात दिवाणाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि दिवाणावर मी. शाळेच्या वह्यांना कव्हर पत्रकांचं, फडताळात अंथरलेला कागद पत्रकांचा. इतर पोरं ‘ध’ धनुष्याचा शिकली, मी धरण्याचा शिकले. शाळा हिंदी, घर मराठी आणि पत्रकं दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत, जिच्यात प्रत्येक वाक्य मूठ आवळून उभं असायचं. माझं लिहिणंही तसंच झालं. कॉलेजात मी गैरहजेरीची चिठ्ठी लिहिली तरी ती निषेधासारखी वाटायची.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. तिचं गाव बालाघाटहून बसनं दोन तासांवर, गोंदियाच्या सीमेकडं. गाव नाल्याच्या या काठाला, मावशीची वस्ती, तिचा टोला, त्या काठाला आणि शाळा गावात. त्या शाळेत मावशी पोरांचं दुपारचं जेवण रांधते. नऊ वर्षं झाली. कोणत्या पोराला वरण पातळ लागतं, कोण भाताखाली बटाटा लपवून दुसऱ्यांदा मागतो, हे तिला हजेरीपटापेक्षा जास्त माहीत. लग्नानंतर पहिल्यांदा लोक तिला अमक्याची बायको न म्हणता ‘जेवणवाली बाई’ म्हणू लागले, ते या कामामुळं. ती हे बोलून दाखवत नाही, पण शाळेत जायचं लुगडं तिनं वेगळं ठेवलेलं आहे.

अडचण नाल्याची. धानाच्या दिवसांत नाला कमरेपर्यंत चढतो आणि दोन-दोन दिवस उतरत नाही. मग मोठ्या पुलावरून फेरा घालायचा. मावशी पोचेपर्यंत पोरांच्या ताटल्या वाजायला लागलेल्या असतात. मोठ्या गुरुजींनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, तिला सरळ सांगितलं होतं की या पावसाळ्यात नाल्यापायी पुन्हा खाडे झाले, तर दुसरी बाई ठेवावी लागेल. माणूस वाईट नव्हता. पोरं उपाशी ठेवून तो तरी काय करणार?

इलाज एकच होता, रपटा. म्हणजे नाल्यावरचा सिमेंटचा बुटका पूल. पूर आला की पाणी त्याच्यावरून जातं, ओसरलं की तासाभरात वाट मोकळी. जानेवारीच्या ग्रामसभेत टोल्याच्या वाटेवर रपटा बांधायचं ठरलं. मावशी तिथं होती. सगळे ‘हौ’ म्हणाले, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. उन्हाळ्यात गिट्टीची, म्हणजे खडीची, ट्रॉलीसुद्धा आली. पण ती रिकामी झाली नाल्याकाठी बरंच खालच्या अंगाला, जिथून वाट फक्त सरपंचांच्या घरच्या शेताकडं जाते. मावशीनं मला फोन केला. तक्रार केली नाही. गिट्टी चुकून तिकडं पडली असेल तर कोणाला सांगायचं, एवढंच विचारलं.

तिला ती चूक वाटली. मला काय वाटलं असेल, हे सांगायला नको. मी त्याच बैठकीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. तीन पानं झाली. त्यात जनतेशी विश्वासघात होता, लोकशाहीचा गळा होता, तो घोटणारे हात होते आणि अकरा वेळा ‘क्यों’ होता. मी तो बाबांना दाखवला, खरं तर कौतुकासाठीच.

बाबांनी चष्मा लावला, लाल बॉलपेन घेतलं आणि पहिलं पान उभी रेघ मारून खोडलं. मग दुसरं.

“हा अर्ज हाय का पत्रक?” ते म्हणाले.

मी म्हणाले, पत्रकं लिहायला तुम्हीच शिकवलं.

“पत्रक लोकायले वाचाले असते. अर्ज बाबूले वाचाले असते. मी बाबू हौ, मले माहीत हाय. काहून विचारू नको. काहूनचं उत्तर कायद्यात बसत नाही, तो फेकून देते. काय लिहिलं हाय, ते माग.”

तीन पानांतून शेवटी दीड ओळ उरली: जानेवारीच्या ग्रामसभेच्या कार्यवाहीची आणि सह्यांच्या पानांची प्रमाणित प्रत मिळावी. कार्यवाही म्हणजे सभेचं इतिवृत्त. एकही विशेषण नाही. मला तो अर्ज इतका बेचव लागला की पोस्टात टाकताना लाज वाटली. आता वाटतं, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जहाल लिखाण ते, आणि ते निम्मं बाबांचं आहे.

पंचायतीचा सचिव, म्हणजे पंचायतीची लिखापढी सांभाळणारा कर्मचारी, हसरा माणूस होता. पंचायत भवनाला बहुतेक वेळा कुलूप असे आणि पंचायत त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत फिरत असे. रजिस्टर, शिक्के, शाईचा डबा, सगळं तिथं. तीस दिवस गेले, उत्तर आलं नाही. बाबांच्या सांगण्यावरून मी अपील केलं, तेही दीड ओळीचं. अपील ऐकणाऱ्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी माझा कागद दोनदा उलटून पाहिला, बहुधा बाकीचा अर्ज कुठं आहे ते शोधत असाव्यात, आणि मग सचिवाला आठवड्यात प्रत द्यायला फर्मावलं.

सचिवानं मला बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बोलावलं. माझ्यासाठी चहा सांगितला. शिक्का मारलेली पानं हातात देत म्हणाला, “दीदी, सब नियम से है. देख लो.”

मी उभ्या उभ्याच वाचलं. कार्यवाहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की रपटा खालच्या बाजूला, शेताच्या वाटेवर बांधायचा, आणि हा प्रस्ताव सर्वानुमते मंजूर. खाली दोन पानं भरून सह्या. टोल्यातल्या जवळजवळ सगळ्या बायांच्या सह्या. वरून सहावी, सगळ्यात ठळक आणि डौलदार, मावशीची.

ती मी ओळखणार नाही तर कोण? ती सही मीच तिला शिकवली होती. अकरावीत असताना माझ्या हातात ‘अंगठा नको, सही करा’ असं एक पत्रक पडलं आणि मी दोन उन्हाळे मावशीच्या ओट्यावर पाटी-पेन्सिल घेऊन बसले. टोल्यातल्या एकेका बाईला स्वतःचं नाव काढायला शिकवलं. मावशीच्या नावाचं शेवटचं अक्षर मी मागं वळवून खालून रेघ ओढायला लावली आणि रेघेखाली दोन ठिपके. तिला ते फार आवडलं. टोल्यात अंगठा उरला नाही. या गोष्टीवर मी कॉलेजात भाषण ठोकलं आणि बक्षिसाची ट्रॉफी घरी आणली. पुढं सुट्टी संपली, माझी परीक्षा आली, आणि नावाच्या पुढचं वाचायला शिकवायचं राहून गेलं. भाषणात मी ते सांगितलं नव्हतं.

चहा तसाच ठेवून मी बस पकडली.

मावशी शाळेसाठी डाळ निवडत बसली होती. मी पानं पुढं केली. तिला आधी स्वतःची सही दिसली आणि तोंड फुललं. “ही माही,” ती म्हणाली, आणि शेजारणीची कशी वाकडी आली आहे तेही दाखवलं. मग मी वरचं वाचून दाखवलं. ती डाळीत बोटं फिरवत राहिली.

“मंग म्याच माह्या रपटा हलवला म्हन की.”

मला हसावं की रडावं कळेना. ती मात्र हसली, थोडं उशिरा. मी विचारलं, सही केलीस कधी? तेव्हा सगळा प्रकार कळला, आणि त्यात लपवलेलं असं काही नव्हतंच. त्या गावात ग्रामसभेला पुरेशी माणसं कधीच बसत नाहीत. बरीच पुरुषमंडळी कामाला नागपूरकडं, बायांना चूल. मग सभा झाल्यावर आठवडाभरानं कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. वरचं पान कोरं असतं. सह्या पुऱ्या झाल्या की सचिव सवडीनं वर कार्यवाही लिहितो. वर्षानुवर्षं असंच. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट रजिस्टर आपल्या दारी येतं, याचा मान वाटायचा. मावशी हात पुसून, घरातलं स्वतःचं पेन आणून सही करायची.

मी म्हणाले, अगं, सही करण्याआधी निदान कोणाकडून तरी वाचून घ्यायचं.

“कोरं होतं ते,” मावशी म्हणाली. “कोरं वाचाले शिकवते का तुह्यं पत्रक?”

मी अडले की करते तेच केलं, पत्रक लिहिलं. शीर्षक ‘कोऱ्या पानावर लोकशाहीचा दरोडा’. दोनशे प्रती काढायचं ठरवलं आणि मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदा चुलीत काडी सारली. चांगलं लिहिलं म्हणाली. मग म्हणाली की टोल्यात हे वाचणार कोण, आणि जो वाचेल त्याला आधीच माहीत आहे. तिच्या डोक्यात दुसरंच होतं. स्वातंत्र्यदिनाची ग्रामसभा आठ दिवसांवर होती आणि झेंडावंदनाची बूंदी शाळेत तीच पाडणार होती. पुढं काय, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, तू फक्त ते कागद घेऊन ये, तोंड उघडू नको.

त्या सकाळी नाला चढलेला होता. टोल्यातल्या बाया मोठ्या पुलावरून फेरा घालून आल्या, पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल. मावशी त्यांच्याही आधी पोचली होती. झेंडा झाला, गाणी झाली. मावशीनं सगळ्या पोरांना बूंदी वाटली, त्यात एकही राहिलं नाही हे मोठ्या गुरुजींना विचारून घेतलं, आणि मोठ्यांच्या वाट्याची बूंदी असलेल्या गंजावर झाकण ठेवलं.

शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. पुढच्या खुर्चीवर सरपंचपती. आमच्याकडं असं पद कायद्यात नाही, पण गावागावांत आहे. बाई निवडून येते आणि तिचा नवरा खुर्चीवर बसतो. खऱ्या सरपंच बाई मागं, भिंतीशी, बायांमध्ये डोईवर पदर घेऊन. सचिवानं पाच-सात विषय भराभर सांगितले, लोकांनी ‘हौ’ म्हटलं, आणि झेंड्यासाठी माणसं आयती जमली होती म्हणून रजिस्टर तिथंच, कोऱ्या पानासकट, सह्यांसाठी फिरायला निघालं. बायांमध्ये ते आधी मावशीकडं आलं, कारण तिची सही झाली की बाकीच्या करतात, हे सचिवाला ठाऊक होतं.

मावशीनं रजिस्टर घेतलं, बूंदीच्या गंजाच्या झाकणावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसली.

सचिव म्हणाला, “मौसी, पहले साइन कर दो. फिर बूंदी खाओ, मैं आराम से लिख लूंगा. हमेशा ऐसाच होता है.”

“आज लिहा,” मावशी म्हणाली. “मंग वाचा. मंग सही. मंग बूंदी.”

लोक आधी हसले. मग उठू लागलेले लोक पुन्हा बसले, कारण बूंदी मिळाली नव्हती. मला तेव्हा कळलं की तिनं काय केलं आहे. त्या गावाच्या सभेत जी माणसं कधी टिकत नव्हती, ती एका झाकणाखाली धरून ठेवली होती. सचिवानं घड्याळ दाखवलं, पुढच्या गावचं काम सांगितलं, मावशीच्या हाताकडं पाहिलं. मागून एक म्हातारबा म्हणाले, “लिहून टाक बापा. तोंडाले पानी सुटून राह्यलं.” दुसऱ्यानं विचारलं, दात आहेत का खायला? व्हरांडा हलला.

मग मावशीनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या घशात त्या पत्रकाची सगळी वाक्यं रांग लावून उभी होती.

“तू फक्त वाच,” ती म्हणाली.

मी जानेवारीची कार्यवाही वाचली. जशी होती तशी, विशेषणांशिवाय. रपट्याच्या जागेपाशी आले तसा गलका झाला. हे आपण ठरवलंच नव्हतं, टोल्याची वाट ठरली होती, जो तो एकमेकाला सांगू लागला. सरपंचपती उभे राहिले. आवाज चढवला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की खाली सह्या कोणाच्या आहेत? तुमच्याच ना? मग आता कशाचं भांडण?

ते बरोबर बोलत होते, हीच पंचाईत होती. मावशीचा हात झाकणावरून थोडा सरकला. तिला वाटलं असावं, संपलं. तिच्या चेहऱ्यावर रपटा, शाळा आणि ते वेगळं ठेवलेलं लुगडं, सगळं एकदम दिसलं. मी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

“सही तं माही बी हाय,” सरपंच बाई म्हणाल्या. “चुलीपाशी आनून देल्लतं. कोरंच होतं.”

सगळ्या माना मागं वळल्या. त्या बाईंचा आवाज गावानं सभेत पहिल्यांदा ऐकला. त्या उठल्या, बायांमधून वाट काढत पुढं आल्या. सरपंचपती बोलायला उभे राहिले होते, त्यामुळं खुर्ची रिकामी होती. बाई तिच्यावर बसल्या. त्यांनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पाय दुखत असतील आणि खुर्ची समोर दिसली असेल. पण त्या बसल्या, आणि त्यांच्या यजमानांना उरलेली सभा खांबाला टेकून ऐकावी लागली. त्यांनी ती ऐकली, हेही सांगायला हवं. निघून गेले नाहीत. बूंदी तेही खाणार होते.

सरपंच बाईंनी सचिवाला सांगितलं, लिहा. सचिवानं मांडीवर रजिस्टर घेतलं आणि माझ्या माहितीनुसार त्या पंचायतीची पहिली कार्यवाही सभेच्या डोळ्यांसमोर लिहिली गेली. मोठ्या गुरुजींनी ती वाचली. एका ओळीत जुन्या सवयीनं ‘सर्वानुमते’ आलं. मावशीनं अर्थ विचारला. सगळ्यांच्या मतानं, गुरुजी म्हणाले. सगळे म्हणजे कोण कोण, नावं लिहा, मावशी म्हणाली. मग नावं लिहिण्यात अर्धा तास गेला, कारण आपलं नाव सुटलं म्हणून तिघं भांडले आणि एकाचं दोनदा आलं. रपटा टोल्याच्या वाटेवर, हे वाक्य लोकांनी तीनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी गरज नव्हती, ऐकायला बरं वाटत होतं म्हणून.

मग सह्या झाल्या. मावशीनं रेघ ओढली, दोन ठिपके दिले आणि झाकण उघडलं.

तिथंच, हातात द्रोण घेऊन, मोठ्या गुरुजींनी शाळेच्या जेवणाचं काम घेतलेल्या बचत गटातल्या बायांना सांगितलं की रपटा होईपर्यंत पुराच्या दिवशी गावातल्या बाईनं चूल पेटवावी, मावशी आली की हात लावेल, दुसरी बाई बघायची गरज नाही. मावशीनं गुरुजींच्या द्रोणात आणखी एक मूठ टाकली.

बालाघाटला आल्यावर मी बाबांना सगळं रंगवून सांगितलं. ते खूश झाले, पण बाबू तो बाबूच.

“आता याची बी प्रत मागून ठेव,” ते म्हणाले.

मी मागितली. ती मात्र पाचव्या दिवशी आली, सचिव स्वतः देऊन गेला. पाणी ओसरल्यावर गिट्टी ट्रॉलीत भरून वर आणली आणि रपटा झाला, टोल्याच्या वाटेवर. बांधकाम काही फार देखणं नाही, एका कडेला उतार चुकलाय. पण यंदाच्या पावसाळ्यात नाल्यापायी मावशीचा एकही खाडा नाही. आणि मी सुट्टीत ओट्यावर पुन्हा पाटी घेऊन बसते. या वेळी पहिला धडा रजिस्टरचा आहे, झेरॉक्स काढून आणलेला. बाया अडखळत वाचतात आणि सचिवाच्या अक्षराला नावं ठेवतात.

येत्या गांधी जयंतीला तुमच्या गावात ग्रामसभा असेल. शहरात राहत असाल तर शाळेच्या पालकांची, सोसायटीची, कुठलीतरी बैठक असेलच. तिला जा. रजिस्टर तुमच्यापुढं आलं की सहीच्या रकान्याकडं नंतर बघा, आधी वरचं पान बघा. कोरं असेल तर पेन खिशात राहू द्या आणि जे ठरलं ते तिथंच लिहून मोठ्यानं वाचायला सांगा. लोक वैतागतील, घड्याळ दाखवतील. बसून राहा. आणि शेजारी बसलेल्या बाईला वाचता येत नसेल, तर तिच्यासाठी ते पान एकदा तुम्ही वाचा.